रात्रपाळीत एकटीच सिस्टर असताना केसीएलची दुहेरी तपासणी कशी करता? मदत हवी आहे

नमस्कार सिस्टर-ब्रदर मंडळी. फोंड्यातल्या एका लहान खासगी इस्पितळासाठी पोटॅशियम क्लोराइडची (केसीएल) लेखी कार्यपद्धती तयार करतेय.

१५ टक्क्यांच्या १० मिलीच्या अँप्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट (मात्रेचं एकक) पोटॅशियम. ५०० मिली सलाइनमध्ये एकच अँप्यूल, ४ तासांत, म्हणजे मिलीला २० थेंब पडणाऱ्या सेटवर मिनिटाला साधारण ४२ थेंब. थेट शिरेत कधीच नाही, हृदय बंद पडू शकतं. टाकल्यावर बाटली उलटसुलट करून नीट मिसळायची. लटकत्या बाटलीत टाकलं तर ते तळाशी साचतं आणि सुरुवातीलाच जास्त जातं. लघवी पुरेशी होतेय ना, हेही आधी बघायचं. इथपर्यंत स्पष्ट आहे.

अडतं ते फोनवरच्या ऑर्डरला. "५०० मध्ये दोन अँप्यूल" म्हटलं की हाताच्या शिरेसाठी ते दुप्पट तीव्र होतं, शीर जळते. ऑर्डर लिहून परत वाचून दाखवणं ठीक, पण दुसरी सही कोणाची? म्हापसा-मडगावकडे कोणी अँप्यूल वॉर्डातून काढून कुलपात ठेवलीत का? रात्री किल्ली कोणाकडे असते? चालू पद्धतीचा नमुना असल्यास कृपया द्या.