सल्ला हवा : वाचनालयाच्या डिजिटल संग्रहाचं पहिलं पान कसं असावं?

सिद्धेश्वरपेठ

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या एका जुन्या वाचनालयात मी काम करते. दोन वर्षं झाली, कपाटं रिकामी करून स्कॅनिंग चाललंय. जुन्या साप्ताहिकांचे अंक, गिरण्यांचे फोटो, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची हँडबिलं, थोडे मोडी कागद. आता प्रत्येक संग्रहाला वेबसाइटवर स्वतःचं लँडिंग पेज, म्हणजे पहिलं पान, द्यायचंय.

पहिला प्रयत्न फसला. ज्यांना काम दिलं त्यांनी वर सरकत्या फोटोंची पट्टी लावली. पहिला फोटो फीत कापतानाचा, दुसरा दीपप्रज्वलनाचा, तिसऱ्यात अख्खं संचालक मंडळ. संग्रह खाली, 'अधिक वाचा'च्या मागं. शिवाय फोटोओळी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या, तशाच चिकटवल्या. मोबाइलवर त्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि 'गिरणी' शोधलं तर निकाल शून्य.

गेल्या महिन्यात एक आजोबा काउंटरवर आले. वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साचेखात्यात (मागांवर) होते म्हणाले. नातवाच्या फोनवर आमची साइट उघडून विचारलं, "बाई, यात मिल कुठाय?" फोटो चाळीसच्या वर आहेत हो आमच्याकडं. पण मलाच तिथपर्यंत पोचायला पाच मिनिटं लागली.

पानावर वर काय ठेवू, मजकूर किती लिहू, सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? बजेट विचारू नका. माणसं दोन, एक मी आणि एक शिपाईमामा. स्कॅनर त्यांनाच जास्त कळतो.

कडकभाकरी

ताई, वेबसाइटची कामं करतो, म्हणून बोलतो. सरकती पट्टी आधी काढा. दुसऱ्या फोटोपर्यंत थांबायला कुणाला वेळ नसतो. संग्रहातलाच एक बोलका फोटो ठेवा, खाली दोन ओळी आणि लगेच शोधाची चौकट. फोनवर बोट न सरकवता एवढं दिसलं पाहिजे.

फोटोवर पांढरी अक्षरं टाकायचा मोह आवरा. जुन्या फोटोंचं आकाश पांढरंच असतं, काही वाचता येत नाही. अक्षर आणि मागचा रंग यांत किमान ४.५ : १ एवढा फरक हवा, असं सुगम्यतेचं प्रमाण आहे. मूळ टिफ, म्हणजे स्कॅनची मोठी फाइल, पानावर चढवू नका, ती हार्ड डिस्कवर जपा (दोन ठिकाणी!). पानाला लहान जेपेग पुरे.

सॉफ्टवेअर म्हणाल तर डीस्पेस तुमच्यासाठी जड आहे, ते सांभाळायला माणूस लागतो. ओमेका साध्या होस्टिंगवर चालतं. त्याहून हलकं हवं तर कलेक्शनबिल्डर. त्यात सगळी माहिती स्प्रेडशीटमध्ये भरायची, पानं त्यातून तयार होतात. डेटाबेस नाही. मांडणीला सुरुवातीला कुणीतरी जाणकार लागेल, पण नंतर मामासुद्धा नोंदी भरतील.

फॉन्टचं मात्र ऐका. सगळ्या ओळी आधी युनिकोडमध्ये (कुठल्याही फोनवर दिसणाऱ्या, शोधता येणाऱ्या अक्षरांत) आणा. ते होईपर्यंत डिझाइनचं बोलूच नका.

दप्तरी

मी निवृत्त ग्रंथपाल. दिसण्याबद्दल वर आलंच आहे, मी मजकुराबद्दल लिहितो.

संग्रहाच्या पानावर वाचकाला तीन गोष्टी कळायला हव्यात : यात काय आहे, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत आहे, आणि काय *नाही*. तिसरी गोष्ट कुणी लिहीत नाही. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला. तुमच्या साप्ताहिकांचे त्या आठवड्यांचे अंक नसतील, तर पानावर तसं स्पष्ट लिहा. नाहीतर अभ्यासक समजतो की शोधण्यात आपलंच काहीतरी चुकतंय आणि दिवसभर बसून राहतो. कधीकधी मग फोनही करतो, बहुधा जेवणाच्या वेळेला.

तारखांचंही बघा. जुन्या छापील कागदांवर शके असतो. शक जसाच्या तसा नोंदवा आणि शेजारी इसवी सन द्या. शकात ७८ मिळवायचे, जानेवारी ते चैत्र लागेपर्यंत ७९. शके १८५२ म्हणजे १९३०-३१. सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली, ती तारीख शके १८५२ मध्येच पडते. नुसते ७८ मिळवले की वर्ष चुकलं.

हक्कांविषयी. कृपा करून सगळ्यावर 'सर्व हक्क राखीव' छापू नका. कागद वाचनालयाचा असला म्हणून मजकुराचा हक्क वाचनालयाचा होत नाही. आपल्या १९५७ च्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, तोही पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजून. लेखक १९६० मध्ये वारला असेल तर १ जानेवारी २०२१ पासून लेखन मोकळं. फोटोंचे नियम वेगळे आहेत, ते एखाद्या वकिलाला दाखवून घ्या. मग संग्रहाच्या पानावर एका साध्या वाक्यात लिहा, 'हे अंक डाउनलोड करून वापरता येतील' किंवा 'छापण्याआधी विचारा'. वाचकाला एवढंच हवं असतं.

चारपुतळा_बसस्टॉप

मी पीएचडी करतोय, म्हणजे तुमचं गिऱ्हाईक. खरं सांगू? लँडिंग पेजवर मी येतच नाही. गूगलवरून थेट एखाद्या फोटोच्या पानावर आदळतो. तिथं 'हा फोटो अमुक संग्रहातला आहे' आणि संग्रहाकडं जायची लिंक नसेल तर तुमचं सुंदर पान मी कधी बघणारच नाही.

दुसरं म्हणजे शोध. सोलापूर जुन्या कागदांत 'शोलापूर' असतं. दोन्ही चाललं पाहिजे. 'नंदीध्वज' (यात्रेतले उंच ध्वज) कुणी 'नंदिध्वज' लिहितं, आणि आपण तर काठ्याच म्हणतो की ओ! जुनी मिल, जुनी गिरणी, तेच. प्रत्येक नोंदीत 'इतर नावं' असा एक रकाना ठेवा आणि लोक बोलतात ते शब्द त्यात घाला. तेलुगू, कन्नड, उर्दू कागद असतील तर मूळ लिपीतही शीर्षक द्या. पद्मशाली घरातला माणूस तेलुगूत शोधू शकतो.

लिंक मात्र बदलू नका. माझ्या प्रबंधातल्या एका साइटच्या सहा तळटीपा नवीन डिझाइन आलं तशा मेल्या.

शेंगाचटणी

सगळं पटलं, पण अध्यक्षांचा फोटो काढायला ताईंना कोण सांगणार बे? 😄

दप्तरी

त्यालाही मार्ग असतो. 'आमच्याविषयी' असं वेगळं पान करा, सगळे फोटो तिथं, मोठे. आणि ज्यांनी कागद दिले त्यांचं नाव, त्यांची परवानगी घेऊन, त्या-त्या संग्रहाच्या पानावर. देणगीदार खूष झाला की मंडळ फार बोलत नाही.

सिद्धेश्वरपेठ

मंडळी, काल रात्री गिरणी संग्रहाचा मजकूर लिहिला :

'सोलापूरच्या गौरवशाली वस्त्रोद्योग परंपरेचा अमूल्य ठेवा रसिकांसमोर सादर करताना आम्हांस अत्यंत आनंद होत आहे.'

चारपुतळा_बसस्टॉप

ताई, यात मिल कुठाय? 🙏

सिद्धेश्वरपेठ

😂 घ्या, परत लिहिलं :

'सोलापूरच्या कापड गिरण्यांचे ४३ फोटो. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी. साचेखातं, पाळी सुटताना गेटवरची गर्दी, चाळी. बहुतेक फोटोंवर तारीख नाही, आम्ही अंदाजानं लिहिली तिथं तसं सांगितलं आहे. कुणाला ओळखलंत तर कळवा.'

कडकभाकरी

हे झकास. 'कळवा'खाली फॉर्म नको, वाचनालयाचा फोन नंबर द्या. ज्यांना माणसं ओळखू येतील ते सत्तरीच्या पुढचे आहेत, फॉर्म भरणार नाहीत.

सिद्धेश्वरपेठ

दिला. अध्यक्षांशीही बोलले. 'आमच्याविषयी'ला हो म्हणाले, पण फोटो नवीन काढायचाय त्यांना. मामांनी १२ फोटोंना 'इतर नावं' भरलीसुद्धा. एकात त्यांनी नुसतं 'भोंगा' लिहिलंय, आणि बघितलं तर कोपऱ्यात खरंच भोंगा आहे, मला दिसलाच नव्हता.

आता मोडीचं. कागद फोटो म्हणून टाकलेत, पण पानावर बाळबोध (देवनागरी) पूर्ण द्यावं की नुसता सारांश? पूर्ण लिप्यंतर करायचं तर वर्ष जाईल.

दप्तरी

सारांश आणि माणसांची, गावांची नावं. लोक नावच शोधत येतात. मोडी युनिकोडमध्ये २०१४ पासून आहे, पण प्रत्येक फोनवर फॉन्ट असेलच असं नाही, तेव्हा नावं बाळबोधीतच लिहा. पहिले दहा कागद पाठवा, मी बघतो. डोळे आहेत तोवर.