अनुभव धागा: ऑनलाइन जाहिरातीत पैसा नेमका कुठे गळतो?

धागाकर्ता

पोस्ट सकाळी टाकावी की रात्री, हॅशटॅग किती असावेत, यावर पुरेसा काथ्याकूट झालाय. तो इथे नको. रोज हेच काम करणाऱ्यांनी सेटिंग, आकडे, होणारी चूक आणि ती का होते एवढंच लिहावं. 'माझा प्रवास' वगैरे टाळलंत तर उत्तम.

सुरुवात मालकीपासून करू. पेज, जाहिरात खातं, पिक्सेल (साइटवर कोण आलं, काय घेतलं हे टिपणारा कोडचा तुकडा) आणि डोमेन (साइटचा पत्ता) या चारही गोष्टी धंद्याच्या स्वतःच्या मेटा (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) बिझनेस खात्यातच असायला हव्यात. एजन्सीला 'पार्टनर' म्हणून प्रवेश द्यावा. पासवर्ड देऊ नये आणि 'आमच्याच खात्यातून चालवतो' याला होकारही देऊ नये. एजन्सी बदलली की त्या खात्यातला सगळा इतिहास, म्हणजे कोणी पाहिलं, कोणी विकत घेतलं, कोणती जाहिरात चालली, तिकडेच राहतो आणि नव्या खात्याला शून्यापासून शिकावं लागतं. अॅडमिन किमान दोन ठेवा, दोघांनाही टू-फॅक्टर (पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी) लावा आणि रिकव्हरी कोड कागदावर उतरवून ठेवा.

बजेटवाला

मेटाच्या जाहिरातींत सगळ्यात जास्त गळती 'लर्निंग'मध्ये, म्हणजे जाहिरात कोणाला दाखवायची हे यंत्रणा शिकत असते त्या काळात होते. एका अॅड सेटला (एकाच लक्ष्यगटासाठीच्या जाहिरातींचा गट) स्थिरावण्यासाठी ७ दिवसांत साधारण ५० घटना लागतात. घटना म्हणजे तुम्ही जे उद्दिष्ट निवडलंय ते, खरेदी निवडली असेल तर ५० खरेद्या. आता हिशोब करा. रोज ३ ऑर्डर येणाऱ्या धंद्याच्या आठवड्याला होतात २१. त्या वय, शहर, आवड असे तुकडे पाडून ४ सेटमध्ये वाटल्या की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पाच येतात. सेट कायम चाचपडत राहतो आणि एका ऑर्डरमागचा खर्च रोज वरखाली होतो.

यावर दोन उपाय आहेत. सेट एकत्र करून एक किंवा दोनच ठेवा. तरीही ५० होत नसतील तर उद्दिष्ट एक पायरी अलीकडे आणा, म्हणजे 'चेकआउट सुरू केलं' किंवा 'कार्टमध्ये टाकलं'. पण थेट 'लिंक क्लिक'पर्यंत मागे येऊ नका. यंत्रणा सांगाल तेवढंच करते. क्लिक मागितले तर सतत क्लिक करत सुटणारी माणसं शोधून आणते, आणि ती सहसा काही विकत घेत नाहीत. पोस्टखालच्या 'बूस्ट' बटणाचंही बऱ्याचदा हेच होतं: लाइक ढीगभर, चौकशी एकही नाही.

आणि रोज हात लावू नका! लक्ष्यगट, जाहिरातीचा मजकूर किंवा चित्र, उद्दिष्ट यांपैकी काहीही बदललं की लर्निंग पुन्हा पहिल्यापासून. बजेटमध्ये एकदम मोठी उडी मारली तरी तेच.

रीलशिंपी

मापं लिहून ठेवा. उभा व्हिडिओ १०८० × १९२० पिक्सेल. रील्सच्या जाहिरातीत वरचे १४ टक्के, खालचे ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंचे ६-६ टक्के मोकळे सोडायचे, कारण तिथे खात्याचं नाव, कॅप्शन आणि बटणं येतात. म्हणजे वरून सुमारे २७० आणि खालून ६७० पिक्सेल गेले, मजकुराला उरले मधले ९८० च्या आसपास. फोन नंबर तळाशी लिहिण्याची सवय असते, तो हमखास झाकला जातो.

देवनागरीसाठी वेगळी सूचना. ओळींमधलं अंतर इंग्रजीइतकंच ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळतात. थोडं वाढवाच. जोडाक्षरं फुटून 'क् ष' असं दिसत असेल तर दोष फाँटचाच असेल असं नाही. अॅडोबीच्या काही सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचं टेक्स्ट इंजिन वेगळं निवडावं लागतं.

गाण्यांबद्दल: वैयक्तिक खात्याला मिळणारी सगळी गाणी व्यावसायिक वापरासाठी खुली नसतात. तसं गाणं लावलेली रील नंतर जाहिरात म्हणून चालवता येत नाही, आवाज बंद होऊ शकतो. चालेल असं वाटणारी रील पहिल्यापासूनच मेटाच्या साउंड कलेक्शनमधल्या संगीतावर कापावी.

नवखा वाचक

मेटा म्हणतं ४० विक्री, गूगल म्हणतं ३०, वहीत मात्र एकूण ४५. खरं कोणाचं?

मोजपट्टी

@नवखा, वहीचं. मेटा सहसा क्लिकनंतरचे ७ दिवस आणि नुसती जाहिरात दिसल्यानंतरचा १ दिवस धरतं. त्याच गिऱ्हाइकाने दुसऱ्या दिवशी गूगलवर तुमचं नाव शोधून जाहिरातीवरून खरेदी केली तर दोघंही श्रेय घेतात. त्यामुळे दोघांचे आकडे एकमेकांत मिळवायचेच नाहीत.

एकट्या मेटाचाच आकडा वहीपेक्षा मोठा दिसला तर मात्र घोळ तांत्रिक असतो. ब्राउझरचा पिक्सेल आणि कन्व्हर्जन्स एपीआय (साइटच्या सर्व्हरवरून मेटाला थेट माहिती पाठवणारी सोय) हे दोघंही एकच खरेदी कळवतात. दोघांकडून घटनेचं नाव आणि इव्हेंट आयडी (त्या घटनेची ओळखखूण) तंतोतंत सारखे गेले तरच ती एक धरली जाते. दुसरं कारण म्हणजे ऑर्डरनंतर दिसणारं 'धन्यवाद' पान. ते रिफ्रेश केलं की खरेदी पुन्हा मोजली जाते. आयडी म्हणून ऑर्डर क्रमांकच पाठवा.

यूटीएमबद्दल, म्हणजे भेट कुठून आली हे कळावं म्हणून लिंकच्या शेवटी जोडलेल्या खुणांबद्दल. गूगल अॅनालिटिक्स ४ (साइटवरच्या भेटी मोजणारं साधन) मध्ये इंग्रजी लहान आणि मोठ्या लिपीतली नावं वेगळ्या ओळींत पडतात, म्हणून सगळं छोट्या लिपीत. सोर्स (भेट कुठून आली) 'फेसबुक' आणि मीडियम (कोणत्या मार्गाने आली) 'अॅड' असं लिहिलं तर पैसे देऊन आणलेली भेट फुकटच्या सोशलमध्ये जमा होते. मीडियमला 'सीपीसी' किंवा 'पेड'ने सुरू होणारा शब्द लागतो. आपल्याच साइटच्या आतल्या लिंकांना यूटीएम कधीच लावू नका, श्रेयाचा विचका होतो. आणि आजच करायचं काम: गूगल अॅनालिटिक्समध्ये सविस्तर डेटा टिकवण्याची मुदत मुळात २ महिने असते, ती १४ करा. जुना पुसला गेलेला परत येत नाही.

टपालवाला

ईमेलला कोणी विचारत नाही, म्हणून लिहितो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या नोंदी) तिन्ही सक्तीचे आहेत, शिवाय प्रचाराच्या मेलमध्ये एका क्लिकचं 'अनसबस्क्राइब'. स्पॅमच्या तक्रारी ०.१ टक्क्याखाली ठेवाव्यात, ०.३ ला पोचू देऊ नयेत. मेल कमी जात असले तरी हे सगळं लावून ठेवाच.

नेहमीची चूक: मेल पाठवणारी नवीन सेवा घेतली की तिने सांगितलेला एसपीएफ रेकॉर्ड जुन्याच्या शेजारी वेगळा टाकतात. एका डोमेनला एसपीएफ एकच चालतो. दोन झाले की तपासणीच फसते. दोन्ही एका ओळीत जोडा आणि डीएनएस लुकअप (तो रेकॉर्ड तपासताना इतर डोमेनच्या नोंदींत करावे लागणारे शोध) १० च्या आत ठेवा.

मेलचा एचटीएमएल मजकूर १०२ केबीच्या पुढे गेला की जीमेल तो कापतं. कापलेल्या भागात नेमकी तळाची अनसबस्क्राइबची लिंक असते. ती सापडली नाही की वैतागलेला माणूस स्पॅमचं बटण दाबतो.

'ओपन रेट'वर विसंबू नका. सप्टेंबर २०२१ पासून अॅपल मेल प्रायव्हसी प्रोटेक्शनमध्ये मेलमधली चित्रं आधीच उतरवून ठेवली जातात, त्यामुळे न वाचलेला मेलही वाचलेला दिसतो. क्लिक मोजा.

हिरवी खूण

व्हॉट्सअॅप बिझनेसची एक ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची, आणि तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच संदेश पोचतो. म्हणून पहिल्या संभाषणातच नंबर सेव्ह करायला सांगा, तेही कारण देऊन. एपीआयवर (सॉफ्टवेअरमधून व्हॉट्सअॅप चालवण्याची सोय) असाल तर गिऱ्हाइकाच्या शेवटच्या संदेशापासून २४ तास मोकळेपणी बोलता येतं, त्यानंतर फक्त आधी मंजूर करून घेतलेलं टेम्प्लेट (ठरलेला मजकूर).

लिंकदुरुस्ती

इन्स्टाग्रामवरून उघडलेली लिंक फोनच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये न उघडता अॅपच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडते. तिथे माणूस लॉगिन केलेला नसतो, आणि अशा आतल्या ब्राउझरमध्ये गूगल आपलं साइन-इन रोखतं. फॉर्मवर तेवढाच पर्याय ठेवला असेल तर जाहिरातीचा क्लिक तिथेच संपला. चाचणी स्वतःच्या जाहिरातीवर बोट ठेवून करा, संगणकावर नको.

छापील क्यूआरबद्दल: सभोवती कोडमधल्या ४ छोट्या चौकटींएवढी कोरी जागा हवीच. लांबलचक यूटीएम लिंक सरळ कोडमध्ये घातली तर ठिपके बारीक होतात आणि कॅमेरा अडखळतो. फुकटच्या 'डायनॅमिक' (कोड तोच ठेवून लिंक बदलू देणाऱ्या) सेवेची मुदत संपली की छापलेला सगळा माल मुका. आपल्याच डोमेनवर छोटा पत्ता करा, तिथून ३०२ रीडायरेक्टने (तात्पुरतं वळण) यूटीएमवाल्या पानावर पाठवा. ३०१ (कायमचं वळण) नको, ब्राउझर तो लक्षात ठेवतो आणि पुढे पान बदललं तरी जुन्याच जागी नेतो.