मदत हवी आहे: २००६ कोरोलासाठी सेल्फ-सर्व्हिस यार्डातून आरसा, काचेचा रेग्युलेटर आणि अल्टरनेटर

प्राजक्त_सॅक

नमस्कार मंडळी. मुक्काम सॅक्रामेंटो, कॅलिफोर्निया. गाडी २००६ टोयोटा कोरोला एलई, १.८ लिटर, ऑटोमॅटिक, पांढरी. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर सी/टीआरपुढे, म्हणजे रंगाच्या कोडच्या जागी, ०४० छापलंय. व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) २टी१बीआरने सुरू होतो.

कामं तीन आहेत. उजवीकडचा आरसा बुडापासून तुटलाय. ड्रायव्हरच्या काचेचं बटण दाबलं की मोटारचा आवाज येतो, पण काच जागची हलत नाही, म्हणजे काच वर-खाली करणारा रेग्युलेटर गेलाय. आणि बॅटरीचा दिवा मधूनच लागतो, मधूनच विझतो. दिवा लागलेला असताना इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावला तर १२.३ व्होल्ट, म्हणजे अल्टरनेटर बॅटरी चार्ज करत नाहीये. टर्मिनल साफ केली आहेत, बॅटरी तपासून घेतली, ती चांगली आहे. बेल्टही सैल नाही.

तिन्ही भाग पिक-एन-पुलसारख्या मोडीतल्या गाड्यांच्या यार्डातून स्वतः काढून आणायचा विचार आहे. विचारायचं ते हे: यांतलं काय जुनं घ्यावं आणि काय घेऊ नये? कोणत्या सालांचे भाग माझ्या गाडीला बसतील? हत्यारं कोणती न्यावीत? आणि आपल्याकडे मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या जुन्या भागांच्या बाजारात होते तशी घासाघीस तिथे चालते का?

गॅरेजकट्टा

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. घासाघीस नाही. कुर्ल्यात दुकानदार भाग काढून तुमच्या हातात ठेवतो आणि भाव तोंडी ठरतो. इथे गेटवर दोन-चार डॉलर प्रवेश फी भरायची, जबाबदारीच्या कागदावर सही करायची आणि पाना आपणच फिरवायचा. भाव भिंतीवरच्या तक्त्यावर आणि त्यांच्या संकेतस्थळावर असतात, आणि ते भागाच्या नावावर ठरतात, गाडीच्या नावावर नाही. कोरोलाचा अल्टरनेटर आणि लेक्ससचा अल्टरनेटर साधारण एकाच भावात जातो. तक्त्यावर 'कोअर' असा वेगळा आकडा दिसेल, ती जुन्या भागाची अनामत. तुमचा बिघडलेला अल्टरनेटर परत दिला की ती रक्कम परत मिळते.

आता काय बसेल ते. तुमची गाडी २००३ ते २००८ या पिढीची. आरसा आणि दारातला रेग्युलेटर या सहाही वर्षांच्या कोरोलातून चालेल. हेडलाइट आणि ग्रिल मात्र २००५ला बदलले, त्यामुळे पुढे कधी हेडलाइट लागला तर २००५ ते २००८चाच बघा. इंजिन १झेडझेड-एफई. तेच इंजिन त्या काळातल्या टोयोटा मॅट्रिक्स आणि पाँटियाक व्हाइबमध्येही आहे, म्हणून अल्टरनेटर शोधताना या दोन गाड्याही धरा, निवड वाढते. दारं मात्र त्यांची वेगळी, आरसा किंवा रेग्युलेटर त्यांच्यातून मिळणार नाही. कोरोला एक्सआरएस, मॅट्रिक्स एक्सआरएस आणि व्हाइब जीटी टाळा, त्यांत २झेडझेड-जीई इंजिन आहे.

व्हीआयएन २ने सुरू होतो म्हणजे तुमची गाडी कॅनडातली. १एनएक्स असेल तर ती कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या नम्मी (टोयोटा आणि जीएमच्या भागीदारीतल्या) कारखान्यातली. मोठे भाग सारखेच, पण काही सुटे भाग वेगवेगळ्या पुरवठादारांचे असतात. म्हणून वर्ष जुळलं एवढ्यावर थांबू नका. प्लगचा आकार, पिनांची संख्या आणि बोल्टची जागा, तिन्ही डोळ्यांनी जुळवा. टोयोटाच्या भागावर बहुतेकदा पार्ट नंबर असतो आणि पहिले पाच आकडे भागाची जात सांगतात: अल्टरनेटर २७०६०, उजवा आरसा ८७९१०, डावा ८७९४०.

सह्यकडा

आरसा आणि रेग्युलेटर डोळे मिटून घ्या. अल्टरनेटर मी घेणार नाही, कारण खाली देतो.

आरसा: दाराच्या पुढच्या कोपऱ्यात आतून एक तिकोनी प्लॅस्टिक आहे, ते फक्त खटक्यांवर (क्लिपांवर) बसलेलं असतं. ते काढलं की १० मिमीचे तीन नट दिसतात. नट सोडण्याआधी खालच्या फटीत फडकं कोंबा, नाहीतर तिसरा नट हमखास दाराच्या पोटात जातो. तुमचा आरसा विजेवर फिरणारा आहे, काही साध्या गाड्यांत हाताने फिरवायचा असतो, म्हणून आधी वायर आहे का ते पाहा. प्लग दाराच्या आतल्या पॅनलच्या मागे असेल तर पॅनल सैल करावं लागेल. वायर कापू नका. ०४० हा टोयोटाचा सुपर व्हाइट. यार्डातल्या गाडीच्या दारावरच्या स्टिकरवरही ०४० दिसलं तर रंगवायचा खर्च वाचला.

रेग्युलेटर: आवाज येतोय आणि काच हलत नाही, म्हणजे मोटार चालू आहे आणि यंत्रणा तुटली आहे. तुमचं निदान बरोबर. तरी मोटारसकट अख्खा जोड घ्या. मोटार वेगळी करताना धोका आहे: यंत्रणा कात्रीसारख्या पात्यांची असेल तर तिच्यात ताणलेली स्प्रिंग असते, मोटारचे स्क्रू काढताच पातं झटक्यात फिरतं आणि बोटं सापडतात.

पॅनल काढताना आतल्या हँडलभोवतीचा स्क्रू आणि आर्मरेस्टच्या खळग्यातला स्क्रू (त्यावर लहान टोपी असते) आधी काढा. मग खालच्या कोपऱ्यापासून प्लॅस्टिकच्या पट्टीने खटके सोडवत वर या आणि शेवटी पॅनल सरळ वर उचला. बाहेर खेचलं तर वरची कड काचेच्या पट्टीत अडकून मोडते. आत काळ्या चिकट पदार्थाने लावलेला प्लॅस्टिकचा पडदा दिसेल. तो स्वतःच्या गाडीत फाडू नका, पावसाचं पाणी आत येऊ न देणारा तोच आहे.

यार्डात खरी अडचण वेगळीच येते. गाडीत बॅटरी नसते, म्हणून काच वर-खाली करता येत नाही, आणि काच धरणारे दोन बोल्ट दाराच्या भोकासमोर आले नाहीत तर पाना पोचतच नाही. एकतर काच सोयीच्या जागी थांबलेली गाडी शोधा, नाहीतर ड्रिलची १२ व्होल्टची बॅटरी आणि दोन वायरी न्या. मोटारच्या प्लगच्या दोन पिनांना क्षणभर लावा. उलट दिशा हवी असेल तर वायरी अदलाबदल करा. मोटार चांगली आहे याची खात्रीही त्यातच होते. बोल्ट सोडण्याआधी काच वर धरून दाराच्या चौकटीवरून जाड टेप मारा. बोल्ट बहुतेक सगळे १० मिमी.

आणि खटके! जुने खटके निम्मे तरी तुटतात. आसपासच्या टोयोटांच्या दारांतून तसेच दहाएक खटके गोळा करून बिलात दाखवा.

अल्टरनेटरबद्दल: दिवा मधूनच लागणं हे बऱ्याचदा झिजलेल्या ब्रशांचं (अल्टरनेटरच्या आत घासत वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) लक्षण. यार्डातला अल्टरनेटर तेवढ्याच वयाचा, त्याचेही ब्रश तेवढेच झिजलेले. एका रोगट भागाच्या जागी दुसरा बसवण्यात अर्थ नाही. दुरुस्त केलेला, हमी असलेला घ्या.

गॅरेजकट्टा

सह्यकडा, तत्त्व मान्य, पण यार्डात निवड करता येते. गाडी कशाने मेली ते बघायचं. पुढून ठोकर बसलेली आणि एअरबॅग फुटलेली असेल तर ती गाडी त्या क्षणापर्यंत धावत होती. बाहेरून धडधाकट, कुठे ओरखडा नाही, अशी गाडी यार्डात आली असेल तर तिच्या इंजिनात किंवा गिअरबॉक्समध्ये काहीतरी मोठं बिघडलेलं असणार. विजेच्या भागांसाठी ठोकलेली गाडी बरी, फक्त ठोकर अल्टरनेटरच्या बाजूची नको. काचेच्या कोपऱ्यात ऑइल बदलल्याचं स्टिकर असतं, त्यावर मैल लिहिलेले असतात. आणि अल्टरनेटरवर कारखान्याच्या पट्टीऐवजी नवं, स्वच्छ 'रीमॅन्युफॅक्चर्ड' लेबल दिसलं तर तो अलीकडे बदललेला आहे. घ्यायचा तर असाच.

शंका असेल तर मागचं प्लॅस्टिकचं झाकण काढून ब्रश बघा. डेन्सोच्या या अल्टरनेटरमध्ये नव्या ब्रशचा बाहेर आलेला भाग १०.५ मिमी असतो, १.५ मिमीच्या खाली गेला की तो संपला. पुली हाताने फिरवा, खरखर किंवा हेलकावा जाणवला तर ठेवून द्या. विकत घेतल्यावर तसाच ऑटोझोन किंवा ओ'रायली या गाडीच्या भागांच्या दुकानात न्या, ते अल्टरनेटर यंत्रावर फुकट तपासून देतात. गाडीत बसवण्याआधी तपासा, नंतर नाही.

काढायला: बेल्टच्या टेन्शनरला १९ मिमीचा लांब पाना लावून ताण सैल करायचा, बेल्ट उतरवायचा. मग अल्टरनेटरचे बोल्ट, एक १२ मिमी आणि एक १४ मिमी. बोल्ट निघाले तरी अल्टरनेटर सुटत नाही, कारण त्याच्या कानातली (बोल्टच्या भोकातली) सरकती बुशी, म्हणजे धातूची आखूड नळी, ब्रॅकेटला घट्ट आवळून बसलेली असते. तरफ लावून हलवत हलवत काढा. बसवताना ती बुशी हातोडीने जरा मागे ठोकली की अल्टरनेटर अलगद आत जातो. हे न कळल्याने लोक तासभर झगडतात. तुमच्या गाडीवर हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढाच. अल्टरनेटरच्या जाड वायरीत किल्ली बंद असतानाही करंट असतो.

त्याआधी बॉनेटखालच्या डब्यातला एएलटी नावाचा मोठा फ्यूज आणि ती जाड वायर तपासा. फ्यूजचा किंवा वायरीचा जोड सैल असेल तरी दिवा असाच लपंडाव खेळतो.

माळावरचा_वारा

हत्यारांचं राहिलं. १०, १२, १४ आणि १९चे सॉकेट, रॅचेट, ७ ते १५ सेंमीची दोन एक्स्टेंशन, १०चा साधा पाना, फिलिप्स आणि चपटा स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, प्लॅस्टिकची पट्टी, लहान तरफ, गंज सोडवायचा स्प्रे, डोक्याला लावायची बॅटरी, चिकटपट्टी, मार्कर, पिशव्या. १०चे सॉकेट दोन न्या, एक पडतोच. हातमोजे जाड हवेत, सगळीकडे काचांचा चुरा असतो. बंद बूट नसतील तर गेटवरूनच परत पाठवतात. गॅस टॉर्च आणि जॅक आत नेऊ देत नाहीत, ग्राइंडरही बहुतेक ठिकाणी नाही. बॅटरीवरची इम्पॅक्ट गन साधारणपणे चालते, तरी त्या यार्डाचे नियम आधी वाचा. आत जाताना आणि बाहेर येताना पेटी उघडून पाहतात.

गाड्या चाकांच्या रिमा वेल्ड करून बनवलेल्या स्टँडवर उभ्या असतात. दुसऱ्या कोणी हलवून ठेवलेली गाडी तिरकी बसलेली असू शकते. खाली शिरण्याआधी जोरात हलवून बघा. डुलली तर ती सोडा.

निघण्याआधी संकेतस्थळावर मॉडेल आणि वर्ष टाका, गाडी कोणत्या रांगेत आहे आणि कधी आली ते दिसतं. आठवडाभरात आलेल्या गाड्या आधी गाठा. आरसे सगळ्यांत आधी जातात. सॅक्रामेंटोच्या उन्हाळ्यात गेट उघडताच आत शिरा. दुपारी पत्रा हात लावू देत नाही.

काय आणू नये हेही सांगतो, स्वस्त दिसलं की मोह होतो. ब्रेक पॅड, रबरी नळ्या, बेल्ट, वॉटर पंप, ऑक्सिजन सेन्सर, सीट बेल्ट: काही नको. एअरबॅग तर अजिबात नको. या पिढीच्या बऱ्याच कोरोला टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगच्या रिकॉलमध्ये (फुकट दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावणं) आहेत आणि यार्डातल्या गाडीची ती बदलली होती की नाही हे तुम्हाला कळणार नाही. तुमच्या गाडीचा व्हीआयएनही एनएचटीएसए या अमेरिकी रस्ते सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून बघा, काम बाकी असेल तर डीलर फुकट करून देतो. त्याच खेपेला इंजिन कंप्युटरचं विचारा: २००५ ते २००८च्या कोरोला आणि मॅट्रिक्ससाठी ऑगस्ट २०१०मध्ये टोयोटाने त्याचाही रिकॉल काढला होता. म्हणून यार्डातला कंप्युटरही नको. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) यार्डवाले आधीच काढून घेतात, आणि कॅलिफोर्नियात जुना बसवणं बेकायदा आहे.

प्राजक्त_सॅक

मनापासून आभार. आरसा आणि रेग्युलेटर यार्डातून नक्की. फ्यूज आणि वायर आज संध्याकाळी तपासतो, अल्टरनेटरचं त्यानंतर ठरवेन. एक राहिलं: घरी आणून रेग्युलेटर चालला नाही तर पैसे परत मिळतात का?

गॅरेजकट्टा

रोख परत सहसा मिळत नाही. ठरावीक दिवसांत, बहुतेक ठिकाणी ३० दिवसांत, बदली भाग किंवा तेवढ्याच रकमेचं क्रेडिट मिळतं, आणि तेही पावती असेल तर. कॅश काउंटरवर भागावर रंगीत मार्करने खूण करतात, ती पुसू नका. खूण नसलेला भाग ते परत घेत नाहीत. थर्मल कागदावरची पावती उन्हात महिनाभरात कोरी होते, म्हणून काउंटरवरच तिचा फोटो काढा. रेग्युलेटरबरोबर काचेचे दोन्ही बोल्ट आणि मोटारच्या प्लगची वितभर वायरही घ्या. तुमच्या दारातला प्लग जळालेला निघाला तर त्यासाठी परत गेट ओलांडावं लागणार नाही.