जळगाव-चोपडा चार दिवस, गहू पूर्ण बंद. मुलीला कुठे जेवू घालू?

सईची_आई_पुणे: चोपड्याला चुलत दिरांचं लग्न आहे, नंतर एक दिवस अजिंठा. मुलगी नऊ वर्षांची, सिलिॲक, म्हणजे गहू-जवातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होते. गहू, मैदा, रवा, जव काहीच चालत नाही, चिमूटभरसुद्धा. मागे एका लग्नात चुकलं तर तीन दिवस पोट धरून होती. तिच्या जेवणावर रोज तीनशेच्या वर खर्च जमणार नाही. हॉटेलं, खानावळी सुचवा.

अमळनेरकर: ताई, खान्देशमा कायले घाबरतस? आमनाकडे भाकर शे! कळण्याची भाकरी, ठेचा, वरून कच्चं तेल. कळणं म्हणजे ज्वारी नि अख्खे उडीद, तिनाला एक. गव्हाचा संबंधच नाही.

भुसावळ_जंक्शन: तिनाला एक? चाराला एक, आणि मीठ दळणातच. तुमची भाकरी घशात बसत असेल.

अमळनेरकर: येऊन खा, मग बोला.

मिलिंद_ठाणे: आम्ही जळगावात मोठ्या हॉटेलात उतरलो होतो. नुसतं सांगितलं तर शेफ स्वतः टेबलाशी आला. खोली साडेपाच हजार, पण पैसा वसूल.

सईची_आई_पुणे: दादा, रोजचे तीनशे म्हटलंय मी.

यावलची_सून: माझा मुलगा सिलिॲक आहे, सहा वर्षं झाली. भाकरी ज्वारीचीच असते, पण गिरणीत आधी कोणाचा गहू दळलाय ते विचारा. जात्यात उरलेलं पीठ तुमच्या दळणात येतंच. मग परात तीच, तवा तोच, आणि काही ठिकाणी भाकरी थापताना खाली गव्हाचं पीठ भुरभुरतात. आम्ही घरघंटीवर दळतो, तिच्यात गहू कधीच टाकत नाही. दुसरं म्हणजे हिंग. डबीवर घटक वाचा, बांधणी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. म्हणजे लग्नातलं वरण, मठ्ठा, उडदाचे पापड सगळं गेलं. बिबडे, म्हणजे आपले पापड, ज्वारीचे, पण कुरडया गव्हाच्या. ताटात दोन्ही शेजारी असतात.

भरीतप्रेमी: थंडीत जाताय ना, मग भरीत! पऱ्हाटीवर (कपाशीच्या वाळल्या काड्यांवर) भाजलेली वांगी, लाकडी बडगीत ठेचलेली, कांद्याची पात, शेंगदाणे. त्यात कुठून येणार गहू?

यावलची_सून: कढईतून येतो. एका भरीत सेंटरला मी स्वतः बघितलं, पुऱ्या तळलेलं तेल पळीने घेऊन तेच भरिताच्या फोडणीला. रात्री साडेअकराला पोराला उलट्या. तेव्हापासून फोडणी डोळ्यांसमोर घालून घेते, नाहीतर बिनफोडणीचं मागते.

भुसावळ_जंक्शन: पुरीशिवाय भरीत म्हणजे शिक्षाच आहे.

निसर्गोपचार_रसिक: गहू बंद करूच नका, खपली द्या. आमच्या शेजाऱ्यांना मानवली.

यावलची_सून: खपली हा गहूच आहे. ग्लूटेन असतंच. सिलिॲकच्या मुलाला कृपया कोणी देऊ नका.

अजिंठा_चारदा_पाहिलं: सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं बघून जा. जळगावहून साठेक किलोमीटर. वाटेत मला तरी वडापाव नि भजी याशिवाय काही दिसलं नाही. डबा न्या.

अमळनेरकर: आमच्या काकूंकडे या ना सरळ, भाकरी थापून देतील.

यावलची_सून: काकूंची परात नवी आहे का? माणूस प्रेमाने वाढतो तेव्हा नाही म्हणणं सगळ्यात अवघड जातं.

सईची_आई_पुणे: सगळ्यांचे आभार. भाकरीचा नादच सोडला. छोटा इलेक्ट्रिक कुकर, तांदूळ, मूगडाळ, जिरं, तूप घरून नेतेय. हिंग नाही. खोलीवरच खिचडी. अजिंठ्याला दही, उकडलेले बटाटे, राजगिऱ्याचे लाडू, आणि केळी तर तिथली खाणारच. सासूबाई म्हणाल्या, लग्नात येऊन पोर खोलीत खिचडी खाणार, लोक काय म्हणतील. म्हणू दे.

अमळनेरकर: खान्देशात येऊन खिचडी! मग त्यात लसूण-मिरची तरी घाला.

धुळेकर_७७: आत्ताच धागा पाहिला. सगळं वाचलं नाही. खपलीच्या पुऱ्या चालतील का? वहिनी भारी करते.