वाईच्या लेखातली 'विराटनगरी' : ठेवायची की काढायची?

गंगापुरीकर

नमस्कार मंडळी. इथे विकिपीडियावर लिहिणारे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढते आहे.

मी मूळची वाईची, माहेर गंगापुरीत. आता पुण्यात असते, शाळेत इतिहास शिकवते. प्रकल्प दिला की मुलं सगळ्यात आधी विकिपीडिया उघडतात आणि तिथे जे असेल ते वहीत उतरवतात. म्हणून माझ्या गावाच्या लेखात काय लिहिलं जातंय याचा मला घोर लागून राहिलाय.

भांडण असं आहे. लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात कुणीतरी वाक्य घातलं : 'वाई म्हणजेच महाभारतातील विराटनगरी होय. पांडवांनी अज्ञातवासाचे वर्ष येथेच काढले.' दुसऱ्या एका सदस्याने ते काढलं, शेरा दिला 'संदर्भ नाही, दंतकथा'. पहिल्याने परत घातलं, शेरा 'वाईत शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे'. पुन्हा काढलं, पुन्हा घातलं. आता ते वाक्य सकाळी असतं आणि रात्री नसतं. लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर गेलं तर विषय बाजूलाच राहिलाय. तिथे 'तुम्ही वाईचे आहात का?' आणि 'तुम्हाला इतिहास म्हणजे काय ते कळतं का?' एवढंच चाललंय.

मला दोघांचंही पटत नाही. गावाच्या एका अंगाला पांडवगड, दुसऱ्या अंगाला वैराटगड. आमची आजी वैराटगडाकडे बोट दाखवूनच कीचकाची गोष्ट सांगायची. गावात ही गोष्ट आहे आणि पिढ्यान् पिढ्या आहे, मग ती लेखातून पुसून टाकायचा अधिकार कुणाला? पण गोष्ट आहे म्हणजे घटना घडली, असंही ज्ञानकोशात लिहून चालणार नाही. हे किल्ले पन्हाळ्याच्या शिलाहार भोज दुसरा याच्या काळातले, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरचे मानले जातात. लोहाऱ्याजवळची पालपेश्वर लेणी तर बौद्ध आहेत. तीसुद्धा मध्ये एकाने 'पांडवांनी कोरलेली' करून टाकली होती.

खरं दुःख वेगळंच आहे. काढणाऱ्या सदस्याने त्या झपाट्यात सात घाटांचा सगळा विभाग उडवला. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, भीमकुंड आळी, आणि माघात सुरू होऊन घाटाघाटाने पुढे सरकणारा कृष्णाबाईचा उत्सव. कारण तेच, 'संदर्भ नाही'. अहो, ज्या उत्सवात आख्खं गाव प्रसादाच्या पंगतीला बसतं त्याला संदर्भ कुठून आणू? वाईत कुणालाही विचारा की! त्याच वेळी एका क्लासचा फोन नंबर आणि चार आजीमाजी नगरसेवकांची नावं 'प्रसिद्ध व्यक्ती' म्हणून लेखात सुखाने नांदतायत.

तर विराटनगरीचं काय करायचं? डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींना संदर्भ म्हणून काय द्यायचं? आणि ही खेचाखेच थांबवायची कशी? मी अजून त्या पानाला हात लावलेला नाही. आधी विचारून घेते आहे.

---

तळटीप

ताई, आधी हात न लावता विचारलंत हे उत्तम केलंत. मी बरीच वर्षं मराठी विकीवर लिहितो. गावांच्या लेखांवर हे भांडण नेहमीचं आहे, नुसती गावं बदलतात.

विराटनगरीचं उत्तर तुमच्याच म्हणण्यात आहे. 'वाई ही विराटनगरी' असं विकिपीडियाने स्वतःच्या तोंडाने म्हणायचं नाही. 'वाई ही विराटनगरी असल्याची स्थानिक परंपरा आहे' असं म्हणता येतं, मात्र ती परंपरा कुणीतरी कुठेतरी नोंदवलेली असायला हवी. आणि ती आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा, म्हणजे इंग्रजी अमलातल्या सरकारी जिल्हा माहितीग्रंथाचा, साताऱ्याचा खंड १८८५ साली निघाला. त्यात वाईच्या नोंदीत विराटनगरीचा उल्लेख स्थानिक समजूत म्हणूनच आलाय. जुनी गॅझेटिअर्स महाराष्ट्र शासनाने संगणकावर आणली आहेत, घरबसल्या मिळतात. पान उघडा, पृष्ठक्रमांकासह तळटीप द्या. मग काढणाऱ्याला 'संदर्भ नाही' म्हणता येत नाही आणि घालणाऱ्याला 'म्हणजेच' लिहिता येत नाही.

जागा मात्र बदला. पहिल्या परिच्छेदात जिल्हा, तालुका, कृष्णाकाठ, पसरणी घाटाचा पायथा, एवढं येऊ दे. परंपरा 'आख्यायिका' अशा वेगळ्या विभागात. 'दक्षिण काशी' हेही तिथेच. पैठणलाही दक्षिण काशी म्हणतात आणि कोल्हापूरलाही. प्रत्येक लेखाने पहिल्या ओळीत तेच सांगितलं तर वाचणाऱ्याच्या हाती काय लागणार?

घाटांचा विभाग मेलेला नाही. पानाचा 'इतिहास' उघडा, जुनी आवृत्ती तिथे जशीच्या तशी असते. पण ती नुसती परत आणून टाकू नका, म्हणजे तुम्हीही त्याच खेचाखेचीत सापडाल. मराठी विश्वकोशात वाईवर नोंद आहे, तिथून सुरुवात करा. उतारा उचलून चिकटवू नका, आपल्या शब्दांत लिहा आणि विश्वकोशाचा दाखला द्या. जे वाक्य खरं आहे पण दाखला अजून हाताशी नाही, त्यापुढे 'संदर्भ हवा' हा साचा, म्हणजे तयार खूण, लावता येतो. काढणाऱ्या सदस्यानेही घाटांच्या बाबतीत तोच लावायला हवा होता. सगळा विभाग उडवणं नियमात बसत असेल, पण रीतीला धरून नाही.

क्लासचा फोन नंबर मात्र आजच्या आज काढा. त्यावर कुणाचंही दुमत होणार नाही.

---

धारवाडचा पाहुणा

ह्यात आमच्याकडची भर. हावेरी जिल्ह्यात हानगल आहे. तिथेही विराटनगरी आमचीच असं सांगतात, आणि जुन्या शिलालेखांत गावाचं तसं नाव आल्याचा दाखलाही देतात. राजस्थानात बैराट आहे (आधी जयपूर जिल्ह्यात, २०२३ पासून कोटपूतली-बहरोड जिल्ह्यात), त्याचं नाव तर सरकारी कागदावरच विराटनगर आहे. तिथे अशोकाचा लेख सापडला, तो आता कोलकात्याला एशियाटिक सोसायटीत आहे. विराट राजाच्या प्राचीन मत्स्य देशाची राजधानी म्हणून अभ्यासक सहसा बैराटच धरतात. वाईच्या लेखात परंपरा लिहाल तेव्हा ह्या दोन गावांचाही उल्लेख करा, म्हणजे वाचणाऱ्याला पूर्ण चित्र मिळेल.

---

कृष्णाकाठचा

मी वाईतच राहतो आणि मला हे सगळं ऐकून वाईट वाटतं. इंग्रजाने १८८५ मध्ये लिहिलं तर तो संदर्भ, आणि आमच्या आजोबांनी सांगितलं तर ती दंतकथा? त्या गॅझेटिअरवाल्याला तरी कुणी सांगितलं? वाईच्याच माणसांनी ना? मग मधला साहेब कशाला लागतो? विराटनगरी पहिल्या ओळीत राहिली पाहिजे असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

---

गंगापुरीकर

कृष्णाकाठचा, तुमचा राग मला कळतो आणि त्यातला अर्धा रास्तही आहे. मौखिक परंपरेला ज्ञानकोशात जागा कशी द्यायची हा खरोखर अवघड प्रश्न आहे. २०११ मध्ये विकिमीडियाच्या पाठबळाने भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत लोकांची तोंडी माहिती ध्वनिमुद्रित करून तिचा दाखला देण्याचा प्रयोगही झाला होता. पण सांगोवांगीवर सोडलं की काय होतं ते त्याच लेखात दिसतंय, म्हणून सांगते.

वाईजवळच्या मेणवलीची घंटा घ्या. नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर, मेणेश्वराच्या देवळाजवळ ती टांगलेली आहे. जवळ जाऊन पाहिलं तर तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल आहे. लेखात कुणीतरी लिहिलंय : 'नाना फडणवीसांनी वसईच्या लढाईत ही घंटा जिंकून आणली.' वाचायला छान वाटतं, आणि गावात असं सांगणारे भेटतातही. पण वसई पडली १७३९ च्या मे महिन्यात आणि नानांचा जन्म १७४२ चा. वसईची मोहीम चिमाजी अप्पांची. तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि त्या ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. भीमाशंकरला १७२९ सालची आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळातली १७२१ ची. मेणवलीची घंटा त्यांतलीच, पण ती जिंकणारे नाना नव्हेत.

हे वाक्य माझ्या वर्गातल्या एका मुलीने प्रकल्पात जसंच्या तसं लिहून आणलं. तिची काहीच चूक नाही. तिने ज्ञानकोशावर विश्वास ठेवला. मला ह्या भांडणात पडावंसं वाटलं ते त्या मुलीसाठी.

आणि मधला साहेब कशाला लागतो म्हणालात, तर साहेबच पाहिजे असं कुठे आहे? मराठी विश्वकोशाचं काम वाईतच उभं राहिलं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ते उभं केलं, पहिला खंड १९७६ मध्ये आला. नोंद कुणी लिहिली, कशाच्या आधारावर लिहिली, हे नोंदीखाली देण्याची शिस्त आपल्या गावात बसून माणसांनी पाळली. त्या गावाचा लेख असा राहावा हे मला सहन होत नाही. आणखी ऐका, 'प्रसिद्ध व्यक्ती'मधून तर्कतीर्थांचंच नाव कुणीतरी काढलंय, 'जन्म वाईचा नाही' म्हणून! जन्म धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचा हे खरं. पण लहान वयात वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकायला आले आणि जन्मभर वाईचेच झाले. नगरसेवक राहतात आणि तर्कतीर्थ जातात, ह्याला काय म्हणावं?

तळटीप, एक शंका. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती बांधलेली आहे, नदीचं पाणी दोन्ही अंगांनी फाकावं म्हणून. देऊळ १७६२ चं, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं. त्यांचं नाव आणि साल लेखात ठेवलंय, भिंतीचं वाक्य मात्र काढलंय. पुराच्या दिवसांत कृष्णेचं पाणी त्या टोकावर येऊन कसं दुभंगतं ते मी लहानपणापासून पाहत आलेय. हे तरी डोळ्यांनी पाहिलेलं चालेल ना?

---

तळटीप

भिंतीचा आकार चालेल. मागच्या बाजूने, नदीतल्या पायऱ्यांवरून काढलेलं स्वच्छ छायाचित्र कॉमन्सवर (विकीच्या चित्रसंग्रहावर) चढवा आणि लेखात लावा. आकार ज्याला त्याला दिसेल. पण 'पाणी फाकावं म्हणून' हा बांधणाऱ्याचा हेतू झाला, तो छायाचित्रातून सिद्ध होत नाही. त्याला छापील आधार लागेल. विश्वकोश आणि गॅझेटिअर दोन्हीकडे देवळाचं वर्णन शोधा, तिथे नसेल तर मराठी स्थापत्यावरच्या पुस्तकांत पाहा. सापडेपर्यंत आकाराचं वाक्य ठेवा, हेतूचं थांबवा.

घंटेचं वाक्य बदलताना दोन्ही सालं आणि त्यांचे दाखले शेऱ्यातच लिहा. शेरा नुसता 'चूक दुरुस्त' असा असला की समोरचा माणूस हटकून उलटवतो. '१७३९ वसई, १७४२ नानांचा जन्म' असं दिसलं तर बहुतेक जण थांबतात.

'प्रसिद्ध व्यक्ती' हे शीर्षक बदलून 'वाईशी संबंधित व्यक्ती' करा, म्हणजे जन्मस्थानाचा वादच मिटला. ज्यांच्यावर स्वतंत्र लेख आहे किंवा होऊ शकतो तेवढीच नावं ठेवायची, असं चर्चा पानावर ठरवून घ्या.

खेचाखेचीबद्दल. इंग्रजी विकीवर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे बदल उलटवले तर बंदी येऊ शकते. आपल्याकडे माणसं थोडी, सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे गोष्टी बोलून सुटायला हव्यात. दोघांच्या सदस्य चर्चा पानावर जाऊन सरळ निरोप ठेवा, मसुदा दाखवा. तरीही थांबले नाहीत तर चावडीवर, म्हणजे मराठी विकीच्या सामाईक चर्चेच्या पानावर, मांडा. प्रचालक, म्हणजे विकीची व्यवस्था पाहणारे सदस्य, काही दिवस पान सुरक्षित करू शकतात, म्हणजे त्यात बदल करणं थांबवू शकतात.

---

गंगापुरीकर

मनापासून आभार. मसुदा केलाय, बघा :

'वाई ही महाभारतातील विराटनगरी असल्याची स्थानिक परंपरा असून तिची नोंद १८८५ च्या सातारा गॅझेटिअरमध्ये आहे. परिसरातील पांडवगड व वैराटगड या किल्ल्यांची नावे लोक या कथेशी जोडतात. विराटनगरीचा मान राजस्थानातील बैराट आणि कर्नाटकातील हानगल यांनाही दिला जातो.'

हे 'आख्यायिका' विभागात जाईल. त्याच्या आधी घाट आणि कृष्णाबाईचा उत्सव, आणि तो विभाग मी मोठा करणार आहे. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी शिवाजी महाराजांना यश यावं म्हणून उत्सवाचा नवस बोलला गेला, ही परंपराही तिथे परंपरा म्हणूनच येईल. खान वाईचा सुभेदार होता आणि १६५९ मध्ये प्रतापगडाखाली जाण्याआधी त्याची छावणी वाईला होती, हे मात्र इतिहास विभागात.

कृष्णाकाठचा, पहिल्या ओळीबद्दल आपलं जमणार नाही, ते राहू दे. पण प्रत्येक घाटाच्या उत्सवाच्या निमंत्रणपत्रिका आणि जुन्या स्मरणिका गावात घरोघरी पडून आहेत. कधी कुठल्या घाटाचा उत्सव, किती दिवस, हे त्यांत छापलेलं असतं. तुम्ही गावात आहात. रामडोह आणि भीमकुंड आळीच्या मिळाल्या तर त्यांची छायाचित्रं चर्चा पानावर टाकाल का? गंगापुरी आणि मधल्या आळीच्या मी माहेरून मागवते.

---

कृष्णाकाठचा

पहिल्या ओळीचं माझं मत तेच आहे. स्मरणिका बघतो. धर्मपुरीच्याही मिळतील, ओळखीत आहेत.