मदत हवी आहे: आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा, डीएस-१६० आणि मुंबईतली मुलाखत

पुलाखालून

नमस्कार मंडळी. आई-बाबांसाठी बी१/बी२ व्हिसाचा अर्ज करायचा आहे. बाबा ६८ वर्षांचे, जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त शिक्षक, पेन्शन चालू आहे. आई ६२, गृहिणी. सांगलीजवळ स्वतःचं घर आणि दोन एकर शेती. बहीण आणि जावई डॅलसला, दोघेही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. बहिणीचं पहिलं बाळंतपण आहे. मी पुण्यात असतो. दोघांचे पासपोर्ट नवे, आधी परदेशप्रवास नाही. फॉर्म मी भरणार आहे. अडलंय ते असं:

आईचं लग्नात नावही बदललं आणि आडनावही. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव आहे, पासपोर्टवर सासरचं. बाबांची जन्मतारीख पासपोर्टवर १ जून, पत्रिकेत वेगळी. फॉर्ममध्ये जमातीबद्दल विचारतात तिथे जात लिहायची का? खर्च कोण करणार या प्रश्नाला काय उत्तर द्यावं? बँकेत किती रक्कम दाखवावी लागते? सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्यायचं का? आणि मुलाखत मराठीत होते का? आईला हिंदीसुद्धा जेमतेम येतं.

कृष्णाकाठची

तुमच्या यादीतला बँकेचा आणि सातबाऱ्याचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा आणि सगळा वेळ डीएस-१६० ला, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जाला द्या. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यासमोर तुमची फाईल नसते, हा फॉर्म असतो. मुलाखत दोन-तीन मिनिटांची. तेवढ्यात तो फॉर्म बघतो, चार-पाच प्रश्न विचारतो आणि ठरवतो. फॉर्ममधलं उत्तर आणि तोंडचं उत्तर जुळलं नाही तर कागदांची गठ्ठी बाहेर काढायची वेळच येत नाही.

आता नावं. आडनाव आणि दिलेलं नाव हे दोन रकाने पासपोर्टवर जसे आहेत तसेच उतरवायचे. आपल्याकडे दिलेल्या नावाच्या रकान्यात बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं असतात, ती दोन्ही तशीच लिहा. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असेल तर असलेलं नाव आडनावात टाकून दुसऱ्या रकान्यात 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) लिहितात. तुमच्याकडे ती अडचण दिसत नाही.

पुढे 'इतर कुठलं नाव कधी वापरलं होतं का' असा प्रश्न येतो. इथे आईसाठी 'हो' आणि माहेरचं पूर्ण नाव, पहिलं नावसुद्धा. आपल्याकडच्या बायकांच्या अर्जात सर्वांत जास्त चूक इथेच होते. लग्नाला चाळीस वर्षं झाली, ते नाव आता कोण वापरतं, असं म्हणून मुलं 'नाही' वर टिचकी मारतात. पण पुढच्याच पानांवर आईच्या वडिलांचं आडनाव लिहावं लागतं, ते माहेरचं असतं, आणि मग दोन उत्तरं एकमेकांशी भांडतात.

जन्मतारीख पासपोर्टवरचीच, म्हणजे १ जून. त्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून टाकलेली हजारो माणसं आहेत. पत्रिका कुठेही काढू नका. आजी-आजोबांच्या, म्हणजे अर्जदाराच्या आई-वडिलांच्या जन्मतारखा ठाऊक नसतील तर 'माहीत नाही' ची चौकट आहे, अंदाजाने भरू नका.

जमातीच्या प्रश्नाला 'नाही'. तो जातीबद्दल नाही. टेलिकोडला (काही लिप्यांतल्या नावांसाठीचे आकडी कोड) 'नाही', पासपोर्ट बुक क्रमांकाला 'लागू नाही', कारण भारतीय पासपोर्टला तसा वेगळा क्रमांक नसतो. मातृलिपीत नाव लिहा म्हणतात तिथे देवनागरीत लिहा. बाकी सगळा फॉर्म इंग्रजीतच.

बहीण एच-१बीवर आहे म्हणून अमेरिकेतल्या नातलगांच्या पानावर तिचा दर्जा 'नॉनइमिग्रंट' निवडायचा. ग्रीनकार्ड किंवा नागरिकत्व असतं तर ते लिहावं लागलं असतं. काही जण नातलगच नाहीत असं लिहून मोकळे होतात. मुलीचा पत्ता संपर्क म्हणून द्यायचा आणि नातलग नाही म्हणायचं, हे कसं चालेल?

गेल्या ५ वर्षांतले फोन क्रमांक, ईमेल आणि समाजमाध्यमांवरची खाती विचारतात. बाबांचं फेसबुक असेल, तर त्याचं नेमकं वापरकर्ता-नाव आधी त्यांच्या फोनवरून बघून घ्या.

आणि एक, जे जवळजवळ सगळे चुकवतात. शेवटी 'फॉर्म भरायला कोणी मदत केली का' असं विचारतात. तुम्ही भरताय, तर 'हो' आणि तुमचं नाव. सही करण्याचं बटण मात्र आई-बाबांनी स्वतः दाबायचं. म्हणून शेवटच्या पानासाठी सांगलीला जा किंवा त्यांना पुण्याला बोलवा, आणि दाबण्याआधी प्रत्येक उत्तर त्यांना मराठीत वाचून दाखवा. तीच त्यांची मुलाखतीची तयारी.

फॉर्म भरताना साधारण २० मिनिटं हालचाल नसली की बाहेर फेकलं जातं. अर्जाचा क्रमांक सुरुवातीलाच वहीत लिहून ठेवा, प्रत्येक पानावर सेव्ह करा. बाबांचा फॉर्म सादर झाला की त्याच पानावरून कुटुंबातल्या दुसऱ्या व्यक्तीचा अर्ज काढता येतो, बरीच माहिती आपोआप येते. पण आईच्या फॉर्मवर ती नीट तपासा.

टपालपेटी

फोटोचं थोडक्यात: २ इंच बाय २ इंच, पांढरी पार्श्वभूमी, ६ महिन्यांच्या आतला, चष्मा काढून. चढवायची फाईल जेपीजी, चौकोनी, ६०० ते १२०० पिक्सेल, २४० केबीच्या आत. स्टुडिओत 'पासपोर्ट फोटो' मागितलात तर वेगळ्या मापाचा मिळेल, 'यूएस व्हिसा' म्हणून सांगा.

फी माणशी १८५ डॉलर, जून २०२३ पासून. रुपयांत भरायची, परत मिळत नाही. भरल्यापासून ३६५ दिवसांत अपॉइंटमेंट घ्यावी लागते. दोघांची एकाच प्रोफाइलमध्ये गट म्हणून घ्या, म्हणजे खिडकीवर दोघं एकत्र उभे राहतात. तारीख बदलण्याची मोफत संधी एकदाच, हा नियम १ जानेवारी २०२५ पासून आहे. दुसऱ्यांदा बदलायची झाली किंवा गैरहजर राहिलात तर फी पुन्हा. त्यामुळे मिळाली म्हणून कुठलीही तारीख पकडू नका. आधी घरातलं लग्नकार्य, ऊसतोड, बाबांच्या तपासण्या बघा.

फेऱ्या दोन. पहिली व्हिसा अर्ज केंद्रात, तिथे दहाही बोटांचे ठसे आणि फोटो. दुसरी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत, जी ब्लॉकमध्ये, मुलाखतीसाठी. लागोपाठचे दोन दिवस मिळाले तर सांगलीहून एकाच खेपेत उरकतं. ठशांच्या आधी बोटाला कापलेलं-भाजलेलं असेल तर ठसा उमटत नाही, तेव्हा आठवडाभर विळी जरा जपून.

वकिलातीत मोबाईल, स्मार्ट घड्याळ, पेन ड्राइव्ह काहीही नेता येत नाही. सोबत आलेल्याला आत सोडत नाहीत. फोन तुमच्याकडे राहील, म्हणून बाहेर नेमकं कुठे भेटायचं ते आधी ठरवा आणि तुमचा नंबर बाबांच्या खिशात कागदावर लिहून द्या.

माजघर

मुलाखत मराठीत होते. मुंबईत मराठी, हिंदी, गुजराती चालतं. सुरुवातीलाच 'मराठी' म्हणायचं. आईंनी मोडक्या हिंदीत बोलण्याचा अजिबात प्रयत्न करू नये.

प्रश्न साधारण ठरलेले: कशासाठी जाताय, तिथे कोण आहे, ती काय करते, कधीपासून आहे, शेवटची कधी भेटली, मुलं किती, बाकीची कुठे असतात, तुम्ही काय करत होतात, किती दिवस राहणार, खर्च कोणाचा. यातला प्रश्न आईंना थेट येतो आणि तेव्हा बाबांनी मध्ये बोलू नये. मास्तरांना हे अवघड जातं, त्यांना आधी सांगा. मुलीच्या कंपनीचं नाव, शहर आणि कामाचं साधं वर्णन दोघांनाही सांगता यावं. 'कॉम्प्युटरमध्ये आहे' यापेक्षा 'बँकेसाठी सॉफ्टवेअर बनवते' हे बरं.

खर्चाचं उत्तर जे खरं असेल ते. मुलगी करणार असेल तर मुलगी. बँकेत अमुक रक्कम हवी असा नियमच नाही. अर्जाच्या आधी खात्यात एकदम मोठी रक्कम भरून ठेवू नका, विचारलं तर तिचा हिशेब देणं जड जातं. आमंत्रणपत्र आणि आय-१३४ हे आर्थिक हमीपत्र व्हिजिटर व्हिसाला लागत नाही. सातबाऱ्याचं भाषांतर आणि नोटरी यावर पैसे घालवू नका. फाईलमध्ये मूळ उतारा, पेन्शनचं पासबुक, मुलीच्या व्हिसाची प्रत असू द्या. मागितल्याशिवाय काचेखालून काही सरकवायचं नाही.

पुलाखालून

खूप आभार. एक शंका. आई सगळ्यांना 'बाळाला सांभाळायला चाललेय' असंच सांगते. मुलाखतीत बाळंतपणाचा विषय काढायचाच नाही, असं एकाने सुचवलं.

माजघर

लपवायचं मुळीच नाही. महत्त्वाची गोष्ट खोटी सांगितली असं ठरलं तर अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१२(ए)(६)(सी) खाली कायमची बंदी येऊ शकते, आणि पुढे मुलगी नागरिक होऊन आई-बाबांच्या ग्रीनकार्डसाठी अर्ज करेल तेव्हाही ती बंदी आडवी येते.

पण शब्दाचा अर्थ समजून घ्या. या व्हिसावर काम करता येत नाही. 'सांभाळायला' हा शब्द भाषांतरात मूल सांभाळण्याची नोकरी असा जाऊ शकतो, त्यातून 'सहा महिने मी, मग सहा महिने तिच्या सासूबाई' असं पुढे आलं की चित्र आणखी बिघडतं. आई खरोखर लेकीला आणि नातवंडाला भेटायला चालली आहे. तेवढंच सांगावं: 'मुलीला बाळ होणार आहे, तिला भेटायला जातोय, तीन महिने राहून परत येणार.' फॉर्ममध्येही तीन महिनेच हवेत. प्रत्यक्ष किती दिवस राहायचं ते अमेरिकेच्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुतेकदा सहा महिने देतात. व्हिसा १० वर्षांचा असला तरी मुक्कामाची मुदत ही, आय-९४ या प्रवेश-नोंदीवरची.

निंबोणी

याच धाग्यात विचारते. आजी ८२ वर्षांची आहे. ऐंशीच्या पुढच्यांना मुलाखत नसते ना?

टपालपेटी

ती सवलत होती, सप्टेंबर २०२५ पासून वयाची सूट राहिलेली नाही. आजींनाही जावं लागेल.

कृष्णाकाठची

नकाराबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. त्याच कायद्याच्या कलम २१४(बी) चं पत्र हातात दिलं तर तो नकार. कायदा प्रत्येक अर्जदाराला कायमचं राहायला येणारा समजूनच सुरुवात करतो, उलटं पटवणं अर्जदाराकडे असतं. त्यावर अपील नाही, थांबण्याची सक्तीही नाही. नवी फी भरून पुन्हा अर्ज करता येतो. पण परिस्थितीत किंवा फॉर्ममध्ये काही बदललं नसेल तर लगेच करून उपयोग नाही. २२१(जी) ची चिठ्ठी मिळाली तर कागद हवाय किंवा तपासणी बाकी आहे. तोही कागदोपत्री नकारच असतो, म्हणून पुढच्या अर्जात 'आधी व्हिसा नाकारला होता का' याला 'हो' लिहावं लागतं. व्हिसा हातात येईपर्यंत तिकीट काढू नका.

तुमच्या आई-बाबांच्या बाजूने मुद्दे भक्कम आहेत: पेन्शन, घर, शेती आणि पुण्यातला मुलगा. 'बाकीची मुलं कुठे' या प्रश्नाचं उत्तर त्यांनी ठामपणे द्यावं, तिथेच परत येण्याचं कारण दिसतं.

पुलाखालून

घोळ झालाय. तुमची उत्तरं येण्याआधीच आईचा फॉर्म सादर केला होता. आता उघडून पाहिलं तर 'इतर नावं' पुढे 'नाही' आहे. फी भरलेली नाही, अपॉइंटमेंटही नाही.

टपालपेटी

मग काहीच बिघडलेलं नाही. सादर झालेला फॉर्म दुरुस्त होत नाही, नवा करायचा. त्याच साइटवर जुना अर्ज क्रमांक घालून उघडा, माहिती भरलेला नवा अर्ज काढण्याचा पर्याय येईल. माहेरचं नाव टाका, बाकीची पानं पुन्हा वाचा, आईंकडून सही-बटण दाबून घ्या. नवा क्रमांक एए०० ने सुरू होणारा मिळेल, अपॉइंटमेंट त्याच क्रमांकावर घ्या. जुन्या, बारकोड असलेल्या पुष्टीपत्राची छापील प्रत काढली असेल तर फाडून टाका. दोन बारकोड फाईलमध्ये राहिले की केंद्रावर चुकीचा पुढे केला जातो, आणि अपॉइंटमेंटशी न जुळणारा बारकोड असला तर मुलाखत न होताच परत पाठवतात.