टीबीसाठी बाहेरचा पैसा: यंत्रांवर की यंत्रामागच्या माणसांवर?

सूक्ष्मदर्शी (धागाकर्ता)
आपल्या क्षयरोग कार्यक्रमाला परदेशी निधी मिळाला की तो आधी यंत्रांकडे वळतो. यंत्राची फीत कापता येते, पगाराची कापता येत नाही. माझं मत: यंत्रं आणि नेहमीची औषधं सरकारने स्वतःच्या अंदाजपत्रकातून घ्यावीत. बाहेरचा पैसा नमुन्यांची वाहतूक, तंत्रज्ञ आणि दुरुस्ती यांसाठीच मागावा.

जीनएक्सपर्ट घ्या, म्हणजे बेडक्यातल्या टीबी जंतूंचा डीएनए शोधणारं यंत्र. चार मॉड्यूलचं (चाचणीच्या चार कप्प्यांचं) यंत्र, एका चाचणीला दीड-दोन तास, म्हणजे तयारीचा वेळ धरून आठ तासांत १२ ते १६ नमुने. खोली ३० अंशांच्या आत हवी, म्हणून एसी. मध्येच वीज गेली तर चाचणी आणि कार्ट्रिज (नमुना भरायची एकदाच वापरायची डबी) दोन्ही वाया, म्हणून यूपीएस. वर्षातून एकदा कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राच्या अचूकतेची तपासणी. एक मॉड्यूल बिघडलं की क्षमता पाऊणवर येते, आणि वॉरंटी संपलेली असेल तर ते कित्येक महिने तसंच पडून राहतं. बेडका घट्ट राहिला की यंत्र ‘२००८’ क्रमांकाची एरर दाखवतं. उपाय साधा आहे: नमुन्याच्या दुप्पट रिएजंट (बेडका पातळ करणारं द्रव), जोरात हलवणं, पंधरा मिनिटं थांबणं, मध्ये पुन्हा हलवणं, मग निदान २ मिली कार्ट्रिजमध्ये. पण त्याच तंत्रज्ञाकडे मलेरियाच्या स्लाइड असतील तर पंधराची सात मिनिटं होतात. देणगीच्या करारात त्या तंत्रज्ञाचा उल्लेखही नसतो.

भांडारपाल
सपशेल असहमत. कार्ट्रिज १६.८६ डॉलरवरून ९.९८ वर आलं ते २०१२ मध्ये, तेही युनिटएड (औषधं-चाचण्यांसाठी निधी देणारी आंतरराष्ट्रीय संस्था), अमेरिकी सरकार आणि गेट्स फाउंडेशनने पैसे भरून भाव पाडला म्हणून. २०२३ मध्ये यंत्राच्या कंपनीने तो ७.९७ केला, तो रुग्णसंघटनांच्या दबावाखाली. एकट्या जिल्ह्याच्या निविदेला कोण भीक घालतं?

आणि औषधं ‘स्वतःच्या पैशाने’ घेतल्यावर काय होतं ते मार्च २०२४ मध्ये दिसलं. केंद्रातला पुरवठा अडला आणि राज्यांना तीन महिन्यांसाठी स्थानिक खरेदी करायला सांगितलं गेलं. ३५ ते ४९ किलोच्या रुग्णाला उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांनंतरच्या टप्प्यात तीन औषधांच्या एकत्रित गोळ्या रोज ३ लागतात: आयसोनियाझिड २२५, रिफॅम्पिसिन ४५०, इथॅम्ब्युटॉल ८२५ मिलिग्रॅम. सुट्या गोळ्यांत आयसोनियाझिड १०० किंवा ३०० चं मिळतं. २२५ कसं जुळवणार? वर एखादं औषध दुकानात संपलं की रुग्ण उरलेल्या दोनच घेत राहतो, आणि प्रतिरोधाला (जंतू औषधाला न जुमानण्याला) वाट मोकळी होते. ग्लोबल ड्रग फॅसिलिटी २००१ पासून अनेक देशांची मागणी एकत्र करून दर्जा तपासलेली औषधं घेते. ती सोय सोडा म्हणणं मला तरी कळत नाही.

वेर्ण्याचा
भांडारपाल, एकत्रित खरेदी आणि देणगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या पैशानेही ग्लोबल ड्रग फॅसिलिटीच्या त्या खिडकीतून घेता येतं.

यंत्रांबाबत एक राहिलं. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे तसंच टीबी शोधणारं यंत्र बॅटरीवर चालतं, एसी लागत नाही, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रात बसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याची शिफारस केली. अर्थात फुकटात काहीच नाही: आधी एका यंत्रात डीएनए काढायचा, मग पिपेटने ६ मायक्रोलिटर चिपवर सोडायचा, आणि टीबी आढळला तरच रिफॅम्पिसिनचा प्रतिरोध तपासायला दुसरी चिप. हात जास्त लागतो, पिपेट चुकला की निकाल अवैध. शिवाय दुसरी चिप संपलेली असेल तर निदान होतं, प्रतिरोध मात्र कळत नाही.

जुनी_फाइल
‘मदत’ हा शब्द जरा जपून वापरा. १९९७ मध्ये सुधारित राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला तो जागतिक बँकेच्या कर्जावर. २०१९ मध्ये महाराष्ट्रासह ९ राज्यांसाठी आलेले ४० कोटी डॉलरही कर्जच. ते आपणच फेडणार, मग अग्रक्रमही आपणच ठरवावेत.

पैशाबरोबर साचाही येतो. आठवड्यातून तीनदा, कर्मचाऱ्यासमोर गोळी, या पद्धतीवर कार्यक्रम उभा राहिला. एक डोस चुकला तर आठवड्याचा तिसरा हिस्सा गेला. २०१० मध्ये रोजच्या उपचाराची जागतिक शिफारस आली, तरी आपण तिथेच. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर नव्या रुग्णांसाठी दैनिक उपचार मान्य झाला.

भांडारपाल
तीनदा-आठवड्याचं सगळं खापर बाहेरच्यांवर फोडू नका. त्यामागे चेन्नईच्याच क्षयरोग संशोधन केंद्रातले अभ्यास होते. आणि ते केंद्र कसं उभं राहिलं? १९५६ मध्ये आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिल एकत्र आले म्हणून. घरी राहून घेतलेले उपचार सॅनेटोरियमइतकेच गुणकारी ठरतात हे तिथे सिद्ध झालं, आणि खाटांअभावी रुग्ण परत पाठवणं जगभर थांबू लागलं. मदत हवी तर अशी.

सूक्ष्मदर्शी
म्हणजे माझ्याच बाजूचं उदाहरण दिलंत! तिथे पैसा माणसं आणि अभ्यास यांवर लागला.

औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवरच्या बेडाक्विलिनचंही बघा. २०१५ ते २०१९ देणगीतून औषध आलं. सहा महिन्यांचा कोर्स म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या १८८ गोळ्या. किंमत २०२० मध्ये ३४० डॉलर होती, २०२३ मध्ये १३० झाली. मार्च २०२३ मध्ये आपल्या पेटंट कार्यालयाने मक्तेदारी लांबवू शकणारा दुय्यम पेटंटचा अर्ज फेटाळला, जुलैत मूळ पेटंट संपलं आणि स्पर्धा आली. दान नव्हे, पेटंटचा निकाल कामी आला.

ताटवाटी
दोघेही औषध-यंत्रातच अडकलात. झारखंडमधल्या ‘रेशन्स’ अभ्यासात रुग्णाला महिन्याला १० किलोची शिधा-टोपली दिली, घरच्यांनाही धान्य दिलं. घरच्यांमधला नवा टीबी ३९ टक्क्यांनी घटला. पहिल्या दोन महिन्यांत वजन ५ टक्के वाढलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोका बराच कमी दिसला. निक्षय पोषण या सरकारी योजनेतले रुग्णाच्या आहारासाठीचे महिन्याचे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले हे चांगलं, पण ते फक्त रुग्णाला आणि खातं जोडलेलं असेल तरच. घरच्या पाच माणसांच्या डाळीला बाहेरचा निधी द्यायला कोणी तयार आहे का?

भांडारपाल
डाळ सरकारच देऊ शकतं, रेशनची यंत्रणा तयार आहे. बाहेरचा पैसा तिथे घालणं म्हणजे उधळपट्टी. बेडाक्विलिन-लिनेझोलिडच्या रुग्णांच्या ईसीजी आणि रक्ततपासणीला तो द्या. औषध पोचतं, पण ईसीजीचा कागद संपलेला असतो. क्यूटी, म्हणजे या औषधाचा हृदयाच्या ठोक्यांवर होणारा परिणाम, बघायचा कसा?

वेर्ण्याचा
त्या ईसीजीसकट ‘प्रति चाचणी एक दर’ असा करार करा. यंत्र, सुटे भाग, कॅलिब्रेशन, ७२ तासांत दुरुस्ती सगळं त्यात, आणि उशीर झाल्यास दंड.

सूक्ष्मदर्शी
करार ठीक आहे. पण यंत्र बंद असताना नमुने कुठे जाणार, ते कुणी लिहिलंय? दुचाकीवरून शीतपेटी नेणाऱ्याचं पेट्रोल त्यात घाला, मग मी सही करतो.